सहा कुलुपांची गिरणी

दिवाळी आठ दिवसांवर आली आणि नेमका तेव्हाच गौलीगुड्यातल्या नामदेवरावांच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटायला आला. दगडालाही टाकी लावून खाचा पाडायच्या राहिल्या होत्या. एरवी त्यांनी दिवाळीपर्यंत रेटून नेलं असतं, पण गेल्याच महिन्यात चालत्या पट्ट्यात त्यांच्या सदऱ्याची बाही गेली होती. बाही गेली, हात वाचला. तेव्हापासून घरात बाप कोण आणि मुलगा कोण हेच कळेनासं झालं होतं. कारण मुलगा प्रथमेश औषधांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता.

"बाबा, आता एक चूक झाली ना, की गिरणी कायमची बंद. मग माझ्याकडे कोंडापूरला राहायचं. बाराव्या मजल्यावर मस्त बाल्कनी आहे, खुर्ची टाकून बसायचं."

बाल्कनीचं नाव काढलं तरी नामदेवरावांना घाम फुटायचा. चाळीस वर्षं ते गिरणीची घरघर ऐकत आले होते. बाल्कनीत बसून माणसानं ऐकायचं तरी काय?

दुरुस्तीच्या दिवशी सकाळी नामदेवराव पूजेला बसले होते, तेवढ्यात प्रथमेशने गिरणीत जाऊन मेन स्विच खाली ओढला. त्याच्या दांड्यात सहा भोकांची एक लोखंडी पट्टी अडकवली आणि वर पाटी टांगली, 'काम चालू आहे. ज्याचं कुलूप त्यानेच काढावं.' पाटी एवढी ऐसपैस की मागचा अख्खा बोर्ड झाकला गेला. खाली फक्त पट्टी लोंबत राहिली. पूजा आटोपून नामदेवराव आले.

"हे लाल कुलूप तुमचं, हे यादगिरीचं. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. सगळी कुलुपं निघाल्याशिवाय गिरणी सुरू करायची नाही. पाच वाजता मी बघायला येतो. एखादं कुलूप तोडलेलं दिसलं तर..."

"बाल्कनी," नामदेवराव म्हणाले.

यादगिरी हा मिस्त्री. तीस वर्षं गल्लीतल्या साऱ्या मोटारी त्याच्याच हाताखालून गेलेल्या. त्याने कुलूप उलटसुलट करून पाहिलं. "नया फैशन है क्या सेठ?" असं म्हणून लावून टाकलं. मग पाटीमागे हात घालून जरा खुडबुड केली, हात खिशात घालून बाहेर काढला आणि तो दगडापाशी जाऊन बसला.

अकरा वाजता इंदुमतीबाई भाजणीचा डबा घेऊन आल्या. बाई कोर्टाच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. नियम दिसला की त्यातून वाट कुठे निघते, हे त्यांना उभ्या उभ्या कळायचं.

"हे काय लोंबतंय, नामदेवराव?"

"कुलुपं. ती निघाल्याबिगर गिरणी सुरू होत नाही. आणि ज्याचं त्यानंच काढायचं."

"म्हणजे माझं कुलूप असलं, तर मी आल्याबिगर गिरणी सुरू होणार नाही?"

"हौ," नामदेवराव पट्टा ओढता ओढता म्हणाले आणि तिथेच फसले.

आता या गल्लीतली एक जुनी रीत सांगायला हवी. नामदेवरावांच्या वडिलांच्या काळात कुणाच्या तरी दळणात पाव शेर पीठ कमी भरलं होतं. तेव्हापासून इथल्या मराठी घरांतल्या दळणाच्या डब्यांना कडी आणि कुलूप असतं. नामदेवरावांनी हा अपमान वारसाहक्काने पचवला होता. तर इंदुमतीबाईंनी आपल्या डब्याचं पितळी कुलूप काढून पट्टीत अडकवलं, किल्ली कमरेला खोचली आणि डबा तिथेच ठेवून घरी गेल्या. गेल्या दिवाळीत त्यांच्या डब्यापुढे कुणीतरी आपला डबा सरकवला होता. ते दुःख त्यांनी वर्षभर जपलं होतं.

बारा वाजता शेजारच्या सुनंदाने ते कुलूप पाहिलं आणि आपलंही लावलं. मग शैलाताईंनी. मग अपर्णाने. नामदेवरावांनी मान वर केली तेव्हा सहाही भोकं भरली होती. सर्वांत शेवटी पद्मावतीबाई भाजणीचा डबा घेऊन आल्या. कुलूप हातात घेऊन त्यांनी भोक शोधलं, सापडलं नाही. "राहू द्या, मी बसते बापडी," असं म्हणून त्या पोत्यावर बसल्या आणि डुलक्या काढू लागल्या.

चार वाजता काम फत्ते झालं. यादगिरीने पाटीमागे पुन्हा खुडबुड केली, आपलं कुलूप काढलं. नामदेवरावांनीही काढलं. उरली चार कुलुपं, आणि त्यांच्या मालकिणींचा पत्ता नाही. नामदेवरावांनी चपला पायात सरकवल्या. इंदुमतीबाईंना वामकुक्षीतून उठवलं. सुनंदा हिमायतनगरला शिंप्याकडे गेली होती, शैलाताई आणि अपर्णा चिक्कडपल्लीला भिशीला. फोनवर फोन करून, दोन ऑटो धाडून पावणेपाचला चौघींना त्यांनी गिरणीत आणून उभं केलं.

"बायांनो, काढा आता एकेकीनं," नामदेवराव धापा टाकत म्हणाले.

"आधी सुनंदाला काढू द्या," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"मी कायकू आधी? कुलूप काढलं की माझ्या हातात राहिलं काय? जिचं शेवटी निघेल ती उभी असणार बटनापाशी. दळण तिचंच पहिलं!"

हे इतकं खरं होतं की चौघींनीही आपापल्या किल्ल्या मुठीत आवळल्या. नामदेवरावांनी हात जोडले. पाचला दहा कमी होती आणि त्यांना डोळ्यांपुढे बाराव्या मजल्यावरची खुर्ची दिसत होती.

"सब मिलके एकसाथ खोलो ना अम्मा," यादगिरीने तोडगा काढला.

तो पटला. चौघींनी किल्ल्या घातल्या. नामदेवरावांनी एक, दोन, तीन म्हटलं. चौघींनी एकमेकींच्या हातांकडे पाहिलं. एकही किल्ली फिरली नाही. पुन्हा तीन म्हटलं. पुन्हा तेच.

सहाव्या 'तीन'ला प्रथमेश दारात उभा राहिला. लोंबणारी चार कुलुपं पाहून त्याचा चेहरा उजळला. "वा बाबा! आमच्या कंपनीतसुद्धा इतकी शिस्त नाही. पण या काकू यंत्राला कधी हात..."

तेवढ्यात गिरणी सुरू झाली.

घरघर घुमली, पट्टा पळू लागला, पिठाचा लोट उठला. चौघी किंचाळून भिंतीला चिकटल्या. चारही कुलुपं जागच्या जागी होती आणि पद्मावतीबाई हिरव्या बटनापाशी उभ्या राहून वरच्या टोपात भाजणी ओतत होत्या.

"म्हटलं, यांचं चालू द्या, आपण बघावं दाबून," त्या म्हणाल्या. "झाली की सुरू."

नामदेवरावांनी पाटी उचलली. मागे दोन मेन स्विच होते. डावा गिरणीचा. उजवा मिरची कांडायच्या यंत्राचा, जे बारा वर्षांपूर्वी भंगारात गेलं होतं. पट्टी, पाटी आणि चार पितळी कुलुपं उजव्याला लटकत होती.

प्रथमेशच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे... सकाळपासून डावा चालूच होता? आणि यादगिरीचा हात आत?" तो भान विसरून यादगिरीची बोटं मोजू लागला. दहा भरली. तरी त्याने पुन्हा मोजली.

"घाबरू नक्को साब," यादगिरी म्हणाला. "आपला कुलूप पे भरोसा नै. पहले फ्यूज निकालके जेब में डालता मैं. अब्बी चार बजे वापस लगाया."

प्रथमेश मटकन एका डब्यावर बसला. तीस वर्षांचा तो हात आणि तो पट्टा, मध्ये काय होतं, तर खिशातला एक फ्यूज. नामदेवरावांनी यादगिरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. पद्मावतीबाईंनी पीठ भरलं, डब्याला कुलूप लावलं आणि चौघींच्या मधून वाट काढत घरी गेल्या.

मग नामदेवरावांनी माठातलं पाणी आणून लेकाच्या हातात दिलं. त्याने ते एका दमात संपवलं.

"प्रथमेश," रिकामा पेला परत घेत ते हळूच म्हणाले, "एक चूक झाली की बाल्कनी, हा नियम तुलाही लागू ना? मग तुझ्या बाल्कनीत दोन खुर्च्या मावतात ना रे?"