‘नंतर’चं बटण

मला ऑनलाइन फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी छाती फुगवून सांगायचो. दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसतो, पेशंटना निरोपही मीच लिहून पाठवतो. अनोळखी लिंक? बोटही लावत नाही! ‘ब्राउझरमध्ये गंभीर त्रुटी आहे, ताबडतोब अपडेट करा’ अशी खुद्द ब्राउझरची पाटी पडद्यावर यायची. मी ‘नंतर’ दाबून तिला हाकलायचो. रोज. तीन आठवडे!

मंगळवारी सकाळी आल्या आल्या फोन खणखणला. आमचे जुने पेशंट, निवृत्त हेडमास्तर.

“माझ्या एक्स-रेत एवढं गंभीर काय दिसलं हो?”

“कोण म्हणालं?”

“तुम्हीच! रात्री निरोप पाठवलात ना? ‘लिंक उघडा, ईमेलचा पासवर्ड टाका, रिपोर्ट बघा.’ अहो, पण माझी कवळी आहे! तिला काय धाड भरणार?”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. तेवढ्यात दुसरा फोन, तिसरा फोन! एक बाई तर गाल धरून, रडतच आत शिरल्या. आदल्या दिवशी फक्त दात साफ करून गेल्या होत्या! गलका ऐकून डॉक्टरबाई ड्रिल हातात घेऊनच बाहेर आल्या. मागे खुर्चीत पेशंट आ वासून, इकडे मी!

धावत आलेल्या कॉम्प्युटरवाल्याने दहा मिनिटांत निदान केलं.

“ब्राउझरला भोक होतं. नुसतं एखादं भलतं पान उघडलं तरी चोर आत! तुम्ही ब्राउझरमध्ये साठवलेला, निरोप पाठवायचा पासवर्ड उचलून त्याने दवाखान्याच्या नावाने चारशे बारा निरोप धाडलेत.”

“पण मी काहीच दाबलं नाही हो!”

“दाबलंत की. रोज ‘नंतर’!”

डॉक्टरबाईंनी फक्त ड्रिल दोनदा गुर्र केलं!

पुढचे दोन दिवस मी चारशे बारा फोन केले. “निरोप खोटा आहे, लिंक उघडू नका. आणि हो, ब्राउझर अपडेट करा!” सात जणांनी लिंक उघडून पासवर्ड टाकला होता. त्यांचे पासवर्ड बदलून होईपर्यंत माझा जीव टांगणीला! एकाचं ईमेल खातं तर चोराच्या हाती जाता जाता बचावलं.

यादीत शेवटचं नाव माझ्या सासूबाईंचं; त्याही आमच्याच पेशंट. नंबर लावला.

“तुम्ही... उघडलीत का लिंक?”

“छे! निरोप खोटा आहे हे मी वाचताक्षणीच ओळखलं.”

“कसं काय?”

“अहो जावईबापू, त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती!”