हजेरीचं तोंड

ज्या दिवशी गोडाऊनच्या गेटवरची हजेरीवही बंद झाली आणि तिच्या जागी माणसाचं तोंड बघून हजेरी लावणारं मशीन आलं, त्याच दिवशी सावळारामने ठरवून टाकलं, की कंपनीला आपला खरा चेहरा द्यायचा नाही.

सावळाराम दापोड्याचा. गेटवर उभं राहून आत येणाऱ्या गाड्यांचे कागद तपासायचे, ही त्याची ड्युटी. माणूस मुळात सावध. फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो, ही गोष्ट त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिली होती आणि तीही फोनवरच. तेव्हापासून घरात महत्त्वाचं काही बोलायचं असलं, की तो आधी फोन तांदळाच्या डब्यात ठेवायचा. तसा तो त्या दिवशीही ठेवला आणि बायकोला म्हणाला, "पासवर्ड चोरीला गेला तं बदलता येतो. तोंड चोरीला गेला तं दुसरा कुठून आनू?"

प्रश्न काही खोटा नव्हता. मोठमोठ्या शहाण्यांनाही त्याचं उत्तर सापडलेलं नाही. पण तुळजा भाकरी थापत होती आणि भाकरी थापताना ती कोणाचीच भीड ठेवत नसे.

"तुमचा तोंड चोरून कोन काय करनार?" ती म्हणाली. "मना फुकट भेटला तरी तीस वरसां सांबालतंय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात रीमा सगळ्यांचे फोटो काढत होती. शिकलेली, गोड बोलणारी पोरगी. सावळारामचा नंबर आला तसा त्याने डावा गाल फुगवला, उजवा डोळा अर्धा मिटला आणि खालचा ओठ आत ओढला.

"काका, दाढ दुखतेय का?"

सावळारामने मानेनेच हो म्हटलं. फोटो निघाला. सरकारला, कंपनीला आणि अमेरिकेत बसून सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्यांना एकाच गालात गुंडाळल्याच्या आनंदात तो घरी गेला आणि दोन भाकऱ्या जास्त जेवला.

घोळ दुसऱ्या सकाळी त्याच्या ध्यानात आला. खोटं तोंड दिलं, म्हणजे आता रोज तेच तोंड घेऊन यायला हवं. तो चालत मशीनपाशी गेला, समोर उभा राहिला, गाल फुगवला, डोळा मिटला, ओठ ओढला. मशीनने क्षणभर विचार केला, हिरवा दिवा लावला आणि बाईच्या आवाजात "थँक यू" म्हटलं. सावळारामला हायसं वाटलं. असे सहा आठवडे गेले.

पण गेटवर माणसं असतात आणि माणसांना डोळे असतात. फोर्कलिफ्ट चालवणारा राकेश एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, रोज सकाळी त्या मशीनला डोळा कशाला मारता? घरी मामी आहेत ना?"

लोक हसले. सावळारामला फार लागलं. आयुष्यात त्याने परक्या बाईकडे मान वर करून पाहिलं नव्हतं आणि आता लोखंडी डब्यावरून नाव खराब व्हायची पाळी आली होती. मग त्याने युक्ती केली. गेटच्या अलीकडच्या चहाच्या टपरीमागे जाऊन तोंड आधीच तयार करायचं आणि रुमाल धरून तसंच्या तसं गेटपर्यंत आणायचं. शनिवारी त्याने ते आणलं, मशीनसमोर रुमाल काढला आणि मशीनने लाल दिवा लावला. गाल थोडा कमी केला, लाल. डोळा जास्त मिटला, पुन्हा लाल. मागच्या रांगेतून "अरे चाचा, जल्दी करो, गाडी खडी है" अशी ओरड सुरू झाली, तेव्हा तो बाजूला झाला.

दिवसभर तो गेटवर उभा राहून कागद तपासत होता. हजेरीत मात्र गैरहजर.

"तीन खाडे लागोपाठ पडले, की हेड ऑफिसचं सिस्टम आपोआप नाव कमी करतं," रीमा म्हणाली. "माझ्या हातात काही नाही हो काका."

"अगो, पन मी हाय ना इथं. तुझे समोर उभा हाय."

"मला दिसताय. सिस्टमला दिसत नाही."

कोणाला दिसू नये म्हणून ज्याने एवढा आटापिटा केला, त्याला हे ऐकून घाम फुटला. कारण ही नोकरी साधी नव्हती. गोडाऊन उभं होतं ती जमीन त्याचीच. विकताना घरातल्या एकाला काम द्यायचं, या बोलीवर तो गेटवर लागला होता. आता जिथे गाड्या उभ्या राहतात, तिथे त्याच्या बापाचं खळं होतं. नाव गेलं, तर बापाच्या खळ्यावर पाय ठेवायला पास काढावा लागणार. आणि तक्रार तरी कुठे करणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आपण दिलेलं तोंड आपणच विसरलो, अशी त्याची खात्री झाली. रविवारी सकाळी तो आरशासमोर बसून ते आठवू लागला. गाल आधी की डोळा आधी? ओठ किती? तो अगदी रंगात आला असताना तुळजा पाण्याची कळशी घेऊन आत आली. तिने नवऱ्याचं वाकडं तोंड पाहिलं आणि कळशी खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"लकवा मारला," ती म्हणाली आणि रडूच लागली.

"न्हाय गो, काय न्हाय झाला."

"बोलू नका, आनखी वाकडा होल."

एरवी भीड न ठेवणारी ही बाई इतकी घाबरली, की सावळारामला खरं सांगायचा धीर होईना. तासाभरात तिने रिक्षा आणली आणि त्याला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात नेऊन बसवलं. ती तांब्या तांब्या कढत पाणी डाव्या गालावर ओतत होती आणि तो पाण्यात बसल्या बसल्या, ती वळली की ओठ आत ओढून बघत होता. संध्याकाळी तो लालबुंद होऊन घरी आला. सोमवारी घरूनच तोंड तयार करून निघाला आणि मशीनने पुन्हा लाल दिवा लावला.

मंगळवारी सकाळी चहा पिताना त्याने तुळजाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. फोन डब्यात ठेवायचंही भान त्याला राहिलं नाही. तिने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मना वाटला, तुमी आता जाता. दोन दिवस माझा जीव खाल्ला." पदराने डोळे पुसून तिने त्याचा धुतलेला शर्ट काढून दिला. "नाव जायाचाच हाय तं जाऊंदे. पन आपले तोंडानं जावा. आपलेच जमिनीवं चोरासारका कशाला?"

सावळारामने दाढी केली, भांग पाडला आणि टपरीमागे न वळता सरळ गेटकडे निघाला. मशीन पाच पावलांवर असताना तो थांबला. बापाची आठवण आली. मग तो पुढे झाला आणि गाल, डोळे, ओठ देवाने दिले तसे घेऊन मशीनसमोर उभा राहिला.

हिरवा दिवा लागला. "थँक यू."

तो हलेचना. राकेशने त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं, तसा तो तडक रीमाकडे गेला आणि तिलाही सगळं सांगून टाकलं. रीमा आधी हसली, मग तिलाच वाईट वाटलं.

"काका, तुमचा तो दाढदुखीचा फोटो हेड ऑफिसने त्याच दिवशी परत पाठवला होता. तुम्ही घरी गेला होतात. मग मी मानकोली नाक्यावरच्या तुमच्या वाढदिवसाच्या बॅनरवरनं फोटो घेतला आणि टाकला. मशीन पाच पावलांवरूनच माणूस ओळखतं, नेट स्लो आहे म्हणून दिवा आणि थँक यू उशिरा येतं. तुम्ही तोंड वाकडं करायचात ते ओळखून झाल्यावर. शनिवारी आणि सोमवारी आधीच वाकडं करून आलात, म्हणून लाल."

"मना न इचारता माझा फोटो घेतलास?"

"नाक्यावर वीस फुटी लावलाय, काका. खाली तुमचा मोबाईल नंबरपण आहे."

 बॅनर त्यानेच लावून घेतला होता आणि खाली 'समस्त मित्रपरिवार' लिहायलाही त्यानेच सांगितलं होतं. तो दारापर्यंत गेला, थांबला आणि परत आला.

"बॅनरवं दोन फोटो हायत. कुठला टाकलास?"

"उजवीकडचा. हात जोडलेला."

"तो बरा न्हाय आला. डावीकडचा टाक ना, गॉगलवाला."

"गॉगल असला की मशीन माणसाला ओळखत नाही, काका."

दीड महिना जो उपाय सावळाराम शोधत होता, तो असा आयता समोर येऊन उभा राहिला.  त्याने खिडकीतून गेटवरच्या मशीनसमोरची रांग पाहिली.

"मंग ऱ्हाऊंदे," तो म्हणाला. "कोनी वलखलाच न्हाय, तं काय उपेग."