फाटकात अडलेला ट्रॅक्टर

“निघालं तेल! थेंब न् थेंब निघालं!” मास्तर फाटकातून ओरडले.

काकू शेडमध्ये पेरू निवडत बसल्या होत्या. त्यांनी हातातला पेरू क्रेटमध्ये ठेवला. “बरं झालं. आणि नवं कुठलं घालायचं?”

“तेच आता ठरवायचंय.”

तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसानं आधी उत्तरपत्रिका तपासाव्यात आणि मग प्रश्न काढावेत, तसलाच हा प्रकार होता. काकू पदर खोचून फाटकाशी आल्या आणि तिथंच थबकल्या. तेल काढलेला ट्रॅक्टर बरोबर फाटकाच्या मधोमध उभा होता. एका बाजूनं फार तर मांजर गेलं असतं.

“अहो, इथं कशाला आणलात हा?”

“सगळ्या बागेत सपाट जागा एवढीच आहे. ट्रॅक्टर तिरका असला तर तेल पूर्ण निघत नाही. पाणसळ लावून बघितलंय मी.”

ट्रॅक्टर छोटेखानी होता, परदेशात वापरून झालेला. निवृत्तीनंतर मास्तरांनी तो मोठ्या हौसेनं घेतला. मागच्या वर-खाली होणाऱ्या लिफ्टवर लोखंडी पेटी बसवलेली, तिच्यात फळांचे क्रेट ठेवून रस्त्यापर्यंत न्यायचे. पण आठवडाभर लिफ्ट अर्ध्यावरच थरथरत थांबायची, बसक्या खुर्चीतून उठणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. मेकॅनिक म्हणाला, तेल बदला. एवढं सांगून तो परगावी कामाला निघून गेला.

आणि शनिवारी सकाळी नऊला काकूंच्या मालासाठी ट्रक येणार होता. एरवी बागेचा सगळा व्यवहार मास्तर बघत, पण ही ऑर्डर काकूंनी स्वतः मिळवलेली होती. फळांच्या रसाचा कारखाना, नव्वद क्रेट. तिथल्या मॅनेजरबाईंनी फोनवर गोड आवाजात बजावलं होतं, “काकू, दहाला गाडी भरून निघाली पाहिजे हं. नाहीतर मला दुसरी बाग बघावी लागेल.” पिकलेले पेरू काही कोणासाठी थांबत नाहीत. आज गुरुवार होता.

“मग ढकलू या की थोडा,” काकू म्हणाल्या.

“कुठं? बाहेर उतार, आत चढ. शिवाय कोरड्या गिअरवर मी तो एक इंच हलू देणार नाही!”

एवढ्यात काकूंचा धाकटा भाऊ चहाचा कप घेऊन ओट्यावर आला. तो तासाभरासाठी म्हणून आला होता. तेल गरम असतानाच काढा भावजी, हा सल्ला त्याचाच. त्यानं फाटकाकडे पाहिलं, मग फाटकाच्या आत उभ्या असलेल्या स्वतःच्या मोटारीकडे पाहिलं आणि कप हळूच कठड्यावर ठेवला.

“ताई, मी आता घरी कसा जाऊ?”

“तेल आलं की जा,” ताई म्हणाली.

साधं तेल आणून ओतायचं, तर मग मास्तर कसले! या यंत्रात गिअर, लिफ्ट आणि ब्रेक या तिघांचं तेल एकच. घट्ट तेल घातलं तर लिफ्टच्या पंपाचा दम कोंडणार, पातळ घातलं तर गिअर झिजणार, आणि नुसतंच चुकीचं घातलं तर ब्रेक किंचाळणार. माहितीपुस्तक परक्या लिपीत होतं. त्यातले आकडे तेवढे मास्तरांना वाचता येत, आणि तेलाच्या पानावर आकडे दोन होते. मास्तरांनी वहीत तक्ता आखला.

घरोघरी मोबाईल यायच्या आधीचे दिवस ते. काही अडलं की माणसंच एकमेकांना विचारत, आणि माहीत नाही असं म्हणणं अपमानाचं मानलं जाई. शुक्रवारी गल्लीतले निवृत्त बसड्रायव्हर आले. त्यांना सगळे डिझेलकाका म्हणत.

“मास्तर, इंजिनातलंच तेल घाला. मी आयुष्यभर तेच घातलं.”

“बसला लिफ्ट होती का?”

“नव्हती. म्हणून तर कधी बिघडली नाही!”

मग पिठाच्या गिरणीवाले आले. त्यांनी बाटलीत काढून ठेवलेलं जुनं तेल उजेडात धरलं. ते दुधाळ झालं होतं. “पाणी शिरलंय. नवं लाल रंगाचं घ्या, लाल चांगलं असतं.”

“रंगाचा काय संबंध?” भावानं चिडून विचारलं. मुक्काम पडल्यानं आज त्याच्या अंगात भावजींचा ढगळ शर्ट होता. त्याच्या बायकोचा सकाळपासून तिसऱ्यांदा फोन आला होता. तेलाचं कारण तिला पटत नव्हतं. “वहिनी, खरंच ट्रॅक्टर आडवा आलाय,” असं काकूंनी सांगितलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “तुम्ही पण त्यांचीच बाजू घ्या!”

संध्याकाळी मास्तरांनी शहरातल्या दुकानदाराला फोन केला. यंत्राचा नंबर, पानावरचे दोन्ही आकडे, हवेचं तापमान, सगळं वाचून दाखवलं. दुकानदार म्हणाला, “पहिला आकडा थंड प्रदेशाचा. तुम्ही दुसरा घ्या. तिन्ही कामांना चालणारं तेल आहे ते. उद्या टेम्पोनं पाठवतो.”

“किती वाजता?”

“अकरापर्यंत पोचेल.”

“आणि गाडी दहाला निघायला हवी,” एवढं म्हणून काकू शेडमध्ये क्रेट मोजायला गेल्या.

शनिवारी उजाडलं. अकराला तेल येणार ही बातमी गल्लीभर झाली होती. ते बरोबर की चूक, हे ठरवायला आठच्या सुमारास पंधरा-वीस माणसं फाटकाशी जमली. निम्मी ट्रॅक्टरभोवती. बाकीची, जुन्या तेलाची बाटली आणि पुस्तक शेडमध्ये आहेत असं काकूंनी सांगितल्यामुळे, ट्रॅक्टरवरून चढून-उतरून शेडकडे. मधल्या वाटेवर ये-जा, ओरडून सवाल, ओरडून जवाब.

नऊ वाजता ट्रक रस्त्यावर येऊन उभा राहिला. काकूंनी एक क्रेट उचलला, आणि शेडच्या दाराशी वाद घालणाऱ्या डिझेलकाकांच्या पुढ्यात धरला.

“हे जरा धरता का?”

काकांनी धरला. पण दोन्ही हात अडकल्यावर माणसानं मुद्दा पटवायचा कसा? त्यांनी क्रेट गिरणीवाल्यांच्या हातात दिला आणि बोट वर केलं. “अहो, चाळीस वर्षं मी...”

“चाळीस वर्षं तुम्ही सरळ रस्त्यावर चालवलीत!” गिरणीवाल्यांनाही उत्तराला हात हवा होता. क्रेट पुढच्याकडे गेला. काकूंनी दुसरा दिला, मग तिसरा.

तेलाचा वाद रंगत गेला, तसे क्रेट वेगानं सरकत गेले. रांगेच्या टोकाला भाऊ ट्रॅक्टरच्या सीटवर चढून बसला होता. एका बाजूनं घ्यायचा, दुसऱ्या बाजूनं ट्रकवाल्याला द्यायचा. “घट्टच पाहिजे!” क्रेट. “पातळ!” क्रेट. “तुम्हाला काय कळतंय!” दोन क्रेट.

पावणेदहाला ट्रकचं फाळकं बंद झालं. शेडमध्ये काही उरलं नव्हतं. तेव्हा कुठं डिझेलकाकांनी दंड चोळत विचारलं, “मास्तर, माझे हात का हो दुखतायत?”

अकराला तेल आलं. मास्तरांनी ते मापानं ओतलं, काडी बुडवून पातळी पाहिली, इंजिन सुरू केलं आणि लिफ्टचा दांडा ओढला. रिकामी लोखंडी पेटी अलगद वर गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, प्रत्येकानं आपलंच म्हणणं खरं ठरल्यासारख्या. ट्रॅक्टर फाटकातून हलताच भाऊ कोणाचा निरोपही न घेता मोटार घेऊन निघाला.

दुपारी मास्तर अपराधी चेहऱ्यानं काकूंजवळ आले. “पुढच्या वेळी असं नाही होणार. आता ट्रॅक्टर तयार आहे.”

“मॅनेजरबाईंचा फोन होता,” काकू म्हणाल्या. “पुढच्या शनिवारी दीडशे क्रेट हवेत.”

“दीडशे? मला पंधरा फेऱ्या तरी लागतील.”

काकूंनी थोडा विचार केला. मग त्या कुंपणापाशी गेल्या आणि पलीकडे अंगणात झोपाळ्यावर पडलेल्या डिझेलकाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अहो, आता इंजिनाचं तेल कुठलं घालायचं, ते शनिवारी सकाळी ठरवू या का?”