श्रेयाशिवाय वापर करू नये

"यंदा दहावीच्या एकाही पोराच्या हातात गाईड दिसणार नाही," असं सूर्यभान सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, तेव्हा हेडमास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. सरांच्या घोषणांचा त्यांना अनुभव होता. मागच्या घोषणेतली गांडूळखताची टाकी अजून वर्गामागे उभी होती आणि गांडुळं कुठं गेली हे कुणालाच माहीत नव्हतं.

पण या वेळी सरांच्या हाती खरंच घबाड लागलं होतं. कुठल्याशा शिक्षकांनी मिळून दहावीच्या विज्ञानाचे धडे, आकृत्या, सरावप्रश्न, सगळं मराठीत लिहून इंटरनेटवर खुलं ठेवलं होतं. कुणीही घ्या, छापा, वाटा. सरांनी तीन रविवार खपून त्याचं चौसष्ट पानांचं पुस्तक जुळवलं. पहिल्या पानावर आठ लेखकांची नावं होती, ती फार जागा खात होती. सरांनी ती काढली आणि तिथं ठळक अक्षरात एकच नाव घातलं: सूर्यभान सर. प्रत्येक पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. ती वाचायला चष्मा लागला असता, म्हणून ती तशीच राहिली.

या सगळ्या खटाटोपाचं खरं कारण होतं श्रेया. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी दिवाळीनंतर करमाडच्या शाळेकडं फिरकलीच नव्हती. सर दोनदा तिच्या वस्तीवर जाऊन आले. तिचा बाप फकिरा मेंढरं राखायचा आणि त्याचं म्हणणं सरळ होतं: गाईड परवडत नाही, गाईडशिवाय पोरगी नापास होणार, मग मेंढरांमागं हिंडली तर काय वाईट?

"पुस्तक मी फुकट देतो," सर म्हणाले होते.

"गुर्जी, फुकट कुणी काय देत नसतं," फकिरा हसून म्हणाला होता. "आज देतेत, उद्या दारात येतेत."

परीक्षेचा फॉर्म भरायला आता चारच दिवस उरले होते.

सरांनी कागदांचा गठ्ठा कडूबा शिपायाकडं दिला आणि शहरातल्या औरंगपुऱ्यातून झेरॉक्स काढून आणायला पाठवलं. कडूबा दुपारी परतला तो गठ्ठा जसाच्या तसा घेऊन.

"झेरॉक्स कुठंय रे?"

"नाय काढली. एसटीत वाचलं म्हणून वाचलो, सर. इथं कायदा लिहिलाय." कडूबानं पानाच्या तळाशी बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावून वाचलं. "श्रेयाशिवाय वापर करू नये. हरेक पानावर हाय. चौसष्ट डाव."

सर खिशात चष्मा शोधू लागले.

"मग वाटेत शेंद्र्यालाच उतरलो, थेट वस्तीवर गेलो," कडूबा म्हणाला. "फकिराला सांगितलं, तुझ्या पोरीवाचून अख्ख्या वर्गाचं पुस्तक अडकलंय. सरकारी काम हाय."

"सरकारी कुठून आलं त्यात?"

"तसं म्हणल्याबिगर तो हलला नसता."

चष्मा सापडेपर्यंत फकिरा दारात हजर होता. डोक्याला नीट बांधलेलं पागोटं, मागं श्रेया, आणि तिच्या मागं सगळा कळप, कारण कळप सांभाळायला घरी कुणी नव्हतं. मेंढरं शिस्तीत फाटकातून आत शिरली आणि गांडूळखताच्या टाकीवर चढली. इतक्या दिवसांत त्या टाकीचा हा पहिलाच उपयोग.

"गुर्जी, पोरीचं नाव कागदावर आलंय म्हणं. काय गुन्हा झाला का?"

सरांनी तीस वर्षांत एकही चुकीचं उत्तर बरोबर म्हणून सोडलं नव्हतं. सगळं व्याकरण त्यांच्या ओठांपर्यंत आलं. "गुन्हा नाही हो, ते श्रेय म्हणजे..."

"अट हाय," कडूबा मध्येच बोलला. "पुस्तक फुकट, पण श्रेया पायजे."

फकिराच्या कपाळावरची आठी गेली. "आत्ता कसं! फुकटात मेख असतीच, मी म्हणलं नव्हतं? नुसतं फुकट म्हणता तवा भ्या वाटत होतं. अट हाय म्हणल्यावर इमानी काम दिसतंय." त्यानं कागद लेकीपुढं धरला. "वाच गं. खरंच तुझं नाव हाय?"

श्रेयानं ओळ वाचली. पुन्हा वाचली. तिला हसू आवरेना आणि हिला सगळं समजलंय, हे सरांच्या ध्यानात आलं. आता पोरगी खरं बोलणार आणि मेंढरांमागं परत जाणार.

"व्हय, आबा," श्रेया म्हणाली. "माझ्याशिवाय वापरायचं नाय, असंच लिहिलंय."

फकिरानं तिथंच फॉर्मवर सही केली. "अट मोडू नका मातर," असं सरांनाच बजावून तो कळप गोळा करायला गेला. एक कोकरू तेवढं हेडमास्तरांच्या टेबलाखाली सापडलं.

सर श्रेयाकडं वळले. "पोरी, चुकीचं वाचलं गेलं, पण किती बरं झालं गं."

"बरोबर वाचलं तरी अट हायच की, सर," श्रेया म्हणाली. "ज्यानं लिहिलं त्याचं नाव टाकायचं, नायतर वापरायचं नाय." तिनं पहिलं पान काढून ठळक अक्षरांवर बोट ठेवलं. "हे सगळं तुम्हीच लिहिलं का?"

सरांनी चष्मा लावला आणि पेनानं स्वतःच्या नावावर काट मारली.

पुस्तक निघालं. पहिल्या पानावर आठही लेखकांची नावं ठळक आहेत. त्यांच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ आहे, ती मात्र चष्मा लावूनच वाचावी लागते: झेरॉक्स, कडूबा. झेरॉक्सला पाठवणारे, सूर्यभान सर.