रेशनकार्डावरचा मल्हार

वरकुट्यात सर्वेवाल्यांना पुरून उरलेली बाई एकच, ती म्हणजे आमची कुशाबाई! माणसं मोजणारे आले, गुरं मोजणारे आले, संडास मोजणारे तर दोनदा आले. सगळे तिच्या ओट्यावर बसून, चहा पिऊन, तिचंच ऐकून गेले.

"सर्वेचं मला शिकवू नगा," ती शेजारच्या सिंधुबाईला ठणकावून सांगायची. "कागदावर असंल तेवढंच बोलायचं. कागद खोटं बोलत न्हाय!"

याच शहाणपणानं यंदा चैत्रात तिनं जो घोळ घातला, त्याला तोड नाही.

त्या सोमवारी बारामतीहून स्कूटीवर एक मुलगी आली. नाव मेहजबीन. वडिलांचं बारामतीत बांगड्यांचं दुकान, आणि पोरगी पीएच.डी. करत होती. आजीजवळ राहणाऱ्या नातवंडांचं वाचन सुधारतं का, हा तिचा विषय. त्यासाठी रेशनकार्डांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून तिनं तीस घरं काढली होती. अट एकच, घरात सहा ते बारा वर्षांचं नातवंड निदान सहा महिने राहत असायला हवं.

"मल्हार विजयसिंह, वय नऊ," तिनं यादीतून वाचलं. "तुमचा नातू ना, आजी?"

नाव ऐकलं आणि कुशाबाई सावरून बसली. विजयसिंह, म्हणजे तिचा विजू, सहा वर्षांपूर्वी बायकोपोरासकट पुण्याला वाकडला गेला तो गेलाच. रेशन दुकानदारानं चारदा सांगितलं, कुशाबाई, कार्डावरची नावं कमी करून घ्या. तिनं कानाआड केलं. सांजच्याला ती कार्ड काढायची, चारी नावांवरून बोट फिरवायची आणि मगच एका माणसाची भाकरी थापायला बसायची. फार आठवण यायची हो तिला.

"व्हय, माझाच," ती म्हणाली.

"इथंच राहतो?"

आता "न्हाय" म्हटलं असतं की झालं! पोरगी स्कूटीला किक मारून निघाली असती, आणि मल्हारचं नाव दिवाळीपर्यंत या ओट्यावर कुणी घेतलं नसतं. कुशाबाईनं तांदळाच्या डब्यातून कार्ड काढून पुढं धरलं.

"ह्यो कागद काय म्हणतोय?"

"कागदावर तर आहे नाव."

"मंग कागद म्हणतोय ते लिव्ह की!"

मेहजबीननं लिहिलं. बिचारीला काय माहीत!

"त्याला गोष्टी सांगता का? कधीच नाही, कधीकधी, की नेहमी?"

सहा वर्षांच्या साठवलेल्या गोष्टी होत्या हो पोटात. कोल्ह्याची झाली, हडळीची झाली, आजोबांनी कॅनॉलमधनं रेडकू काढलं तीही झाली. पाऊण तास! शेवटी मेहजबीननं "नेहमी"वर खूण केली आणि कपाळाचा घाम पुसला.

"नातवाच्या सहवासाचं समाधान किती? पाचपैकी गुण द्या."

"सात."

"पाचपैकी, आजी."

"बरं, पाच लिव्ह. वरलं दोन कडंला लिव्ह."

शेवटी फोन नंबर विचारला. कुशाबाईला जगात एकच नंबर तोंडपाठ होता, विजूचा. तिनं तो घडाघडा सांगितला.

"छान! गुरुवारी दुपारी येते," मेहजबीन उठत म्हणाली. "मल्हारचं वाचन ऐकायला."

स्कूटी गेली, आणि कुशाबाई ओट्यावर मटकन बसली. कागदातनं पोरगं कसं काढायचं?

गल्लीत नऊ वर्षांचं पोर एकच होतं, सिंधुबाईची मोना. उवांपायी सिंधुबाईनं तिचे केस पार कानाच्या वर कापले होते, त्यामुळं लांबून मुलगा म्हणून खपून जायची.

"मी मल्हार होईन," मोना म्हणाली, "पर सायकल खेळू द्यायची."

कुशाबाई दाराआड झाकून ठेवलेल्या सायकलकडं बघत राहिली. ती सायकल मल्हारची होती. लाल रंगाची, भिगवणच्या बाजारातनं आणलेली. तीन वर्षं झाली, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"दुसरं काय बी माग गं."

"मंग दुसरा मल्हार बघा."

निघाली सायकल बाहेर!

गुरुवारी सकाळची शाळा करून मोना आली, विजूचा लहानपणीचा सदरा घालून. मेहजबीननं उतारा पुढं ठेवला, आणि पोरीनं तो असा फाडफाड वाचला की मेहजबीन चाटच पडली.

"आजी, हा तर सातवीचा उतारा वाचतोय! माझ्या सगळ्या घरांत असा मुलगा नाही!"

"आजीजवळ ऱ्हातोय न्हवं," कुशाबाई म्हणाली. क्षणभर तिला ते खरंच वाटलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

झालं होतं असं. मेहजबीनच्या सरांचा नियम होता की दहातल्या एका घरी दुसऱ्यानंच फोन करून माहिती ताडून बघायची. हे काम अनस नावाच्या विद्यार्थ्याकडं होतं, आणि चिठ्ठी निघाली नेमकी कुशाबाईची. अनसनं विजूला ऑफिसात फोन लावला आणि एका सुरात, करड्या आवाजात विचारलं, "मल्हार सहा महिन्यांपासून वरकुट्यात आजीकडं राहतोय, हे बरोबर आहे का?"

विजू खुर्चीतनं उडाला! मल्हारला तर त्यानंच सकाळी शाळेच्या बसमध्ये बसवलं होतं. त्यानं शाळेत फोन केला. पोरगा वर्गात होता. मग त्यानं आईला फोन लावला.

"आई, घरी कोण कोण आहे?"

समोर मेहजबीन पेन उघडून बसलेली. कुशाबाई काय बोलणार?

"मी हाय, आन... मल्हार हाय."

"कोण?"

"आरं मल्हार! आत्ताच वाचून उठला. सायकल खेळतोय अंगणात."

पलीकडं विजूला सायकलची घंटी स्पष्ट ऐकू आली. ट्रिंग ट्रिंग! त्याची खात्रीच पटली. आई एकटी राहून राहून भ्रमिष्ट झाली! बायको राजेश्वरीला घेतलं, मल्हारला शाळेतनं उचललं, आणि गाडी सोलापूर रस्त्याला लावली.

इकडं कुशाबाईनं मेहजबीनला सोडलं नाही. "गावातली उरलेली घरं कर आन भाकरी खायला हितंच ये." ती बिचारी चार वाजता आली, पहिला घास तोंडात घातला, आणि दारात गाडी करकचून थांबली.

"आई!" विजू चपलेसकट आत आला आणि आईच्या कपाळाला हात लावला. "आई, मला ओळखलंस का?"

"आरं, तुला न वळखायला काय झालं? चप्पल काढ आधी!"

मागनं राजेश्वरी आली, तिच्यामागनं शाळेच्या गणवेशातला मल्हार. सायकलवरच्या मोनानं त्याला खालून वर न्याहाळलं.

"तू कोण?"

"मी मल्हार."

"हॅट! मल्हार मी हाय."

मेहजबीनचा घास हातातच राहिला. तिनं एका मल्हारकडं बघितलं, मग दुसऱ्याकडं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "यातला रेशनकार्डावरचा कुठला?"

मग काय, अनसच्या फोनासकट सगळं बाहेर आलं! विजू आधी भडकला. "आई, अगं काय हे! भेटावंसं वाटलं तर नुसता फोन करायचास!"

"करती की दर रविवारी. तू म्हणतोस, पुढच्या म्हयन्यात बघू. तुझा पुढचा म्हयना लई लांब असतो, विजू."

विजूनं तेव्हा कुठं चप्पल काढली. राजेश्वरी उगाच तांब्या भरायला आत गेली.

मेहजबीननं तोच उतारा खऱ्या मल्हारपुढं ठेवला. पोरगं इंग्रजी शाळेतलं. "को... कोल्... कोल्हा," असं ठेचकाळत वाचायला लागलं. मोना तोंडावर हात धरून हसत होती. कुशाबाई मात्र डोळे मिटून ऐकत होती, कीर्तनाला बसल्यासारखी. मग तिनं त्याला सायकलवर बसवलं. गुडघे हँडलला लागले. सायकल बारकी झाली होती.

"मोनालाच दे, आजी," मल्हार म्हणाला. कुशाबाईनं मान डोलावली आणि पदरानं सीटवरचं प्लास्टिक पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी मल्हारचा पेपर होता. दोन तासांत गाडी परत गेली. तिची धूळ खाली बसेपर्यंत कुशाबाई रस्त्यावर उभी होती.

मेहजबीननं वही आवरली. "तुमचं घर काढावं लागेल, आजी. आता इतरही सगळी कार्डं पुन्हा तपासायची. तीनातली किती उरतात, देव जाणे!"

"तीस म्हणालीस न्हवं?"

"तीसच म्हणायचं होतं." पोरीचं डोकंच चालेना.

"माझ्यापायी तुझं लई नुकसान झालं गं, पोरी," कुशाबाई म्हणाली. तिला खरोखर वाईट वाटत होतं. "काढ माझं घर. खुशाल काढ. पर एक काम कर."

"काय?"

"तुझा त्यो फोनवाला अनस हाय न्हवं, त्याला म्हणावं, विजूचा नंबर तेवढा खोडू नगंस. दोन म्हयन्यातनं एकदा असाच फोन करत जा. आन आवाज बी तसाच ठेव बाबा, काळजात धडकी भरवणारा!"