अंबूआत्यांची लाल अक्षरं

आमच्या कॉलनीत कुणाचं मूल कधी जन्मलं असं विचारलं, तर बायका महिना सांगत नसत, अक्षर सांगत. "आमची शोभा 'छ'ची," असं शेजारची पाटणकरीण म्हणायची आणि ऐकणारीला त्यात काही वावगं वाटत नसे. शोभा झाली तेव्हा अंबूआत्या मॅटीच्या कापडावर 'छ' भरत होत्या, एवढाच त्याचा अर्थ. आमचे हे नोकरीत कायम झाले ते 'ट'ला. चिखलीहून दूध घालायला येणाऱ्या साळूबाईला अक्षरओळख नव्हती, पण तीही या हिशेबात आली होती. "माझी म्हस व्याली तवा आत्याचं ते शेपटीचं अक्षर चाललं व्हतं न्हवं?" असं ती विचारायची. ते 'झ' असावं, असं आम्ही आपसांत ठरवून टाकलं होतं.

पिंपरीत तेव्हा औषधांची फॅक्टरी नुकतीच उभी राहिली होती आणि तिच्या मागच्या माळावर आमची क्वार्टर्स होती. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यासमोर नजर पोचेल तिथवर ज्वारी. अंबूआत्यांचे भाऊ अप्पा फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये कामाला होते. अप्पांची बायको गेली तेव्हा त्यांची कुसुम दोन वर्षांची होती. अंबूआत्या त्याआधीच विधवा होऊन भावाकडे राहायला आल्या होत्या, तेव्हा कुसुमला त्यांनीच वाढवलं. आत्या त्या खऱ्या फक्त कुसुमच्या, पण तिचं ऐकून सगळी कॉलनी त्यांना आत्या म्हणू लागली. आमची आणि त्यांची भिंत एक होती, त्यामुळे मी जरा जास्त हक्कानं म्हणत असे.

दुपारची कामं आटोपली की आत्या ओट्यावर येऊन बसत. पांढरी मॅटी, तिच्यावर लाल दोऱ्यानं फुलीच्या टाक्यात 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत मुळाक्षरं भरायची, आणि चारी कडांना तुळशीवृंदावनं. रंग एकच, लाल. मी एकदा म्हटलं, "आत्या, वृंदावनाला जरा हिरवा घाला की." आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आमटीत गुळाऐवजी साबण घाला म्हटलं होतं. "रंग दोन आले की चुका लपतात, विमल," त्या म्हणाल्या. "एकाच रंगात लपायला जागा नाही."

आणि चूक त्यांना चालतच नसे. फुलीचा वरचा टाका उजवीकडेच झुकला पाहिजे. एखादा चुकून डावीकडे गेलेला दिसला की आठवड्याचं काम उसवायचं. उसवताना दोरा ताणल्याचा बारीक आवाज भिंतीपलीकडे मला ऐकू यायचा आणि आज कॉलनीचं घड्याळ मागे गेलं हे कळायचं. 'ङ'च्या वेळी तर सगळ्यांनीच धीर सोडला. हे अक्षर कुणी लिहीत नाही की वाचत नाही, ते गाळून पुढे चला, असं पाटणकरणीनं सुचवलं. आत्या म्हणाल्या, "कुणाला लागत नाही म्हणून त्यानं पंगतीतून उठायचं का?" आणि त्या एका अक्षरावर अख्खा श्रावण गेला.

त्यांची दुसरी खोड म्हणजे हाती येईल ती वस्तू उलटी करून बघायची. पुढून सगळंच देखणं असतं, मागून दाखवा, हे त्यांचं पालुपद. माझे नवे पडदे त्यांनी उलटून पाहिले, यांच्या कोटाचं अस्तर तपासलं. मी हौसेनं भरलेला एक रुमाल त्यांना दाखवायला नेला, तर तो उलटा करून त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "विमल, तू स्वयंपाक बरा करतेस." त्यानंतर मी सुईच्या वाटेला गेले नाही.

हे सगळं कशासाठी चाललंय, असं मी एकदाच विचारलं होतं. आत्यांनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "घरातलं दुसरं सगळं कुणीतरी सांगितलेलं असतं बघ. हे एवढं मला कुणी सांगितलेलं नाही."

'न' चालू असताना कुसुमला तळेगावचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा शाळेत मास्तर. त्याचा फोटो आला तोही आत्यांनी आधी उलटा केला. मागे फोटो स्टुडिओचा शिक्का होता, तो त्यांना व्यवस्थित वाटला. कुसुम गोड होती, वाचायची, गायची, पण सुईत दोरा ओवण्यापलीकडे तिची सुईशी ओळख नव्हती. आता मुलगी बघायला माणसं येणार म्हटल्यावर भिंतीवर तिच्या हातचं काहीतरी दिसायला हवं, अशी तेव्हाची रीतच होती. आत्या आत पोह्यांना फोडणी देत होत्या, तेवढ्यात अप्पांनी दोन खिळे ठोकून ती मॅटी अर्धवट होती तशी भिंतीवर लावली.

मदतीला म्हणून पाटणकरीण आणि मी तिथेच होतो. मुलाची आई आली, बसली आणि तिची नजर सरळ त्या लाल अक्षरांवर गेली. "हे कुणी केलं?"

"कुसुमनंच," अप्पा म्हणाले. माणूस एरवी स्टोअरमधली टाचणीसुद्धा घरी न आणणारा.

बाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी कापडाचं टोक उचलून चक्क मागची बाजू बघितली. पोह्यांच्या बशा घेऊन आत्या त्याच वेळी दारात आल्या होत्या. त्यांचा चेहरा असा उजळला की मला भीती वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्या जातकुळीचं माणूस भेटलं होतं, आणि तिच्याशी त्यातलं अक्षर बोलायची सोय नव्हती.

"मागूनसुद्धा किती स्वच्छ आहे हो," बाई म्हणाल्या. "मुलीच्या हाताला वळण आहे." मग आत्यांकडे वळून त्यांनी सहज विचारलं, "तुम्हालाही येत असेल ना भरतकाम?"

कुसुम मान खाली घालून बसली होती. तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. आत्यांनी बशा खाली ठेवल्या. "नाही हो," त्या म्हणाल्या. "मला कुठलं येतंय. आजकालच्या मुलीच हुशार."

लग्न तिथल्या तिथे ठरलं. हे पूर्ण करून रुखवतात मांडा, एवढीच विहीणबाईंची हौस होती. दीड महिना हातात होता आणि अक्षरं उरली होती पुष्कळ. आत्या सकाळी बसू लागल्या, संध्याकाळी दिवा जवळ ओढून बसू लागल्या. भिंतीपलीकडून उसवल्याचा आवाज येईना. एकदा मी डोकावले तर 'भ'मध्ये एक फुली डावीकडे झुकलेली स्पष्ट दिसत होती. मी बोट ठेवलं. "राहू दे," आत्या म्हणाल्या. ते ऐकून मला जे वाईट वाटलं ते सांगता येणार नाही. सगळ्यात शेवटी त्यांनी कोपऱ्यात नाव भरलं, 'कु. कुसुम'. तेवढं नाव तरी तिच्याकडून भरून घ्यायचं होतंत, असं मी म्हटलं. "तिला नाही येत गं," आत्या म्हणाल्या, आणि हसल्या.

रुखवतात, चौकटीत बसवलेल्या त्या अक्षरांभोवती बायकांची ही गर्दी. आम्ही कॉलनीतल्या बायका लाडू-चकल्या नीट मांडत गप्प उभ्या होतो. बोललो असतो तर कुसुमचं सासर पहिल्याच दिवशी विटलं असतं, हे खरं. तरी गप्प बसणं सोपं गेलं नाही.

कुसुम सासरी गेली आणि आमची कालगणना बंद पडली. पुढचं बाळ झालं ते नुसतंच मार्चमध्ये झालं. आत्या ओट्यावर बसत, पण हात मांडीवर रिकामे. मी चिंचवडच्या बाजारातून नवी मॅटी आणि लाल दोऱ्याची लड आणून दिली, ती त्यांनी ट्रंकेत ठेवून दिली. त्यांना कुसुमला बघायचं होतं, दुसरं काही नाही. पण मुलीच्या सासरी बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, असा अप्पांचा खाक्या. संक्रांतीला बोलावणं आलं ते हळदीकुंकवाचं, म्हणजे मला. त्यात विधवा आत्यांना कोण बोलावणार? मी अप्पांना सांगितलं की मला एकटीला गाडीनं जायची भीती वाटते, आत्यांना सोबतीला पाठवा. अप्पांनी विश्वास ठेवला, हे त्यांचे उपकारच.

तळेगावला आत्या मागच्या खोलीत बसून राहिल्या. बायकांची वर्दळ सरल्यावर विहीणबाई स्वतः त्यांना पुढच्या खोलीत घेऊन आल्या. मनानं बाई चांगल्या होत्या. काचेच्या चौकटीत मढवलेली अक्षरं दाखवून त्या म्हणाल्या, "घरात एवढी गुणी भाची होती, चार टाके शिकून घ्यायचे होतेत. दिवसभर एकट्या असता, हाताला चाळा बरा असतो. कुसुम, शिकव गं आत्यांना."

कुसुमचा चेहरा पांढरा पडला. मॅटीचा तुकडा आला, सुई आली. आत्यांनी ती सुई चमच्यासारखी धरली. कुसुम त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि सांगू लागली, "आत्या, खालून वर घ्या. आता असा आडवा." तिला तरी काय येत होतं? आत्याच हळूच सुई योग्य जागी न्यायच्या आणि तिनं सांगितल्यासारखं दाखवायच्या. मग लगेच पुढचा टाका मुद्दाम बिघडवायच्या. एक उजवीकडे, एक डावीकडे, एक भलतीकडेच. माझ्यानं बघवेना. कुसुमला मात्र एकाएकी हसू फुटलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिचं ते हसू मी ऐकलं. दोघी खांद्याला खांदा लावून दुपारभर बसल्या होत्या.

निघताना विहीणबाईंनी तुकडा उलटून पाहिला. मागे नुसता गुंता. "जमेल हो," त्या समजूत घालत म्हणाल्या. "जमेपर्यंत रविवारच्या येत जा."

परतीच्या गाडीत देहूरोड मागे पडलं. मग मीच म्हटलं, "आत्या, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "पोर वाळलीय जराशी. पण हसली, नाही का?"

"पुढच्या रविवारी एखादी ओळ तरी सरळ घाला. नाहीतर त्यांना वाटेल, या बाईंना डोकंच नाही."

"वाटू दे," आत्या म्हणाल्या. "जमेपर्यंत येत जा म्हणाल्यात त्या. मी लवकर कशाला जमवू, विमल?"

त्यानंतर कित्येक वर्षं आत्या तळेगावला जात राहिल्या. फुलीचा टाका त्यांना शेवटपर्यंत जमला नाही.