पंगतीत वाजलेली तबकडी

लोकांचं खरं मत कसं काढायचं, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. ऐकणाऱ्याला आधी काही सांगायचं नाही आणि मत आलं की जसंच्या तसं टिपायचं. एवढंच! म्हणून मी धर्मपालला म्हटलं, "तू निश्चिंत राहा. तुझं काम मी एका दुपारी उरकते."

धर्मपाल माझा धाकटा भाऊ. अमेरिकेत शेतकी शिकून नुकताच अकोल्याला परतला होता. तिथे त्याच्या खोलीखाली एक गिटारवाला राहायचा. विजेच्या गिटारीवर ब्लूज, म्हणजे तिकडचं दुखरं, रडवेलं संगीत वाजवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता म्हणे. त्याने आपली पहिली तबकडी धर्मपालच्या हाती ठेवून वचन घेतलं होतं: तुमच्या गावच्या लोकांना कशी वाटली ते खरंखरं कळव. आता भावाला ते वचन छळत होतं, कारण तबकडी वाजवायला आमच्याकडे यंत्रच नव्हतं.

यंत्र शेजारी आलं. पंचफुलाकाकूंच्या मुलीच्या लग्नासाठी गोवर्धन लाउडस्पीकरवाल्याने निंबावर कर्णा बांधला. हळदीच्या दिवशी दुपारी पंगत बसली. निम्मी माणसं मागच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातली, चारच्या पाळीची. आयते श्रोते!

"काकू, जेवणात एक तबकडी लावू?"

"लाव न व माय. गाणंच तं हाय, कोणाले चावते काय?"

तबकडी कसली, ते मी कोणालाच सांगितलं नाही. धर्मपाल कुजबुजला, "ताई, थोडं तरी सांगून दे न."

"मग मत शुद्ध राहत नाही," मी म्हटलं.

पहिला सूर तेल न घातलेल्या रहाटासारखा निघाला. मग तो लांबला, वाकला, थरथरला. गोवर्धनला घाम फुटला.

"गेला, बाई, अँप्लिफायर गेला. कालच तं वाल्व बदलला होता." पेचकस घेऊन तो झाकण उघडायला बसला. मी टिपलं: श्रोता पहिला, अस्वस्थ.

वरण वाढता वाढता आमची दुर्गाआत्या थबकली. "कोण रडून राहिलं व? पहिले त्याले पाणी द्या न बाप्पा."

धर्मपाल तोंड उघडणार, तोच मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. तेवढ्यात गोवर्धनने भलतंच बटण पिळलं आणि आवाज दुप्पट झाला. नेमका तेव्हाच गिटारवाल्याने एक सूर धरला. खालून वर, वरून आणखी वर, आणि मग सोडेचना.

घास हातात थांबले.

"भोंगा झाला काय बे?"

"झालाच न. उठा, चार वाजले."

घड्याळ त्यांच्यात कोणाकडेच नव्हतं, जिनिंगचा भोंगा हेच घड्याळ. माझ्या मनगटावर सव्वातीन वाजले होते, पण विचारतो कोण? वडे पानात पडायच्या आत अर्धी पंगत हात धुऊन चपला शोधत होती. पंचफुलाकाकू झारा घेऊन मागे धावल्या. कोणी वळेना. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"हळदीच्या पानावरून मानसं उठवली तुनं. लोक काय म्हणतीन माह्या पोरीले?"

त्यांचे डोळे भरलेले पाहून माझी पेन्सिल थांबली. धर्मपाल अनवाणीच माणसांच्या मागे पळाला.

थोड्या वेळाने तो सगळ्यांना घेऊन आला. सोबत जिनिंगचे मुकादम खुशालराव. माणसं निमूट पानांवर बसली, आत्याने गरम वडे वाढले, काकूंच्या जिवात जीव आला. मुकादम मात्र सरळ माझ्यापुढे.

"हे कोणं वाजवलं?"

"मी."

"आमचा भोंगा तीनदा देतो, तवा कुठं एकेक जण बिडी ओढत येते. आज ताटावरचे उठून पळत आले." मग आवाज उतरवून म्हणाले, "बाई, हे रोज पहाटंच्या पाळीले लावता येईन काय?"

धर्मपाल हिरमुसला. "त्याले काय कळवू, ताई? गाणं तं कोणीच ऐकलं नाही."

"जे घडलं ते कळव," म्हणत मी टिपणं त्याच्यापुढे ठेवली. त्याने लिहिलं: एका बाईंचे डोळे भरून आले. दुसरीला तुला पाणी द्यावंसं वाटलं. अर्धी पंगत जेवण सोडून उठली. आणि एका जबाबदार गृहस्थांनी तबकडी रोज पहाटे वाजवण्याची विनंती केली.

शब्द न शब्द खरा!

गिटारवाल्याचं उत्तर आलं आहे. इतकं प्रेम त्याला त्याच्या गावातही मिळालं नव्हतं म्हणे. हिवाळ्यात तो गिटारीसकट अकोल्याला येतो आहे.

मुकादमांनी जिनिंगच्या फाटकाजवळची, भोंग्याखालची खोली झाडून ठेवली आहे.